वच्छलाबाईंच्या मोकळ्या कोंबड्या

नत्थूजींनी बांधलेलं खुराडं मी पाहिलं आहे. तसं काम आमच्या गँगमध्ये दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं.

आम्ही दोघं रामाकोन्याला छोट्या लाईनवर गँगमन होतो. काम रुळाखाली गिट्टी भरून ठोकायचं. दिवसभर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारून माणूस घरी येतो तेव्हा हाताची बोटं मिटत नाहीत, भाकर मोडताना त्रास होतो. तशा हातांनी नत्थूजी कन्हानच्या पात्रातून दगड आणायचे, डोक्यावर. नदीपासून त्यांच्या घरापर्यंत उभा चढ आहे. त्यांनी आधी जमीन खोदून तळाला दगड बसवले, कारण मुंगूस भिंत चढत बसत नाही, खालून उकरतं. मग भिंती उचलल्या. वर सागाचे दांडे टाकून कवेलूंचं छप्पर चढवलं. दाराची फळी जाड लाकडाची, आतून बाहेरून घट्ट. कोल्हा, रानमांजर, साप, कशाचीही आत जाण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

हे खुराडं बायकोच्या औषधासाठी होतं.

त्यांच्या बायकोचं नाव वच्छलाबाई. माहेर लोधीखेड्याचं, महानुभाव पंथातलं. लग्नाआधीच त्यांनी उपदेश घेतलेला होता. उपदेश घेतलेलं माणूस मांस-अंडं खात नाही, आपल्या देवाशिवाय दुसऱ्या देवाला हात जोडत नाही. नत्थूजींच्या घरी असं काही नव्हतं. त्यांच्या आईने सुरुवातीला बरीच टोचणी लावली, पण वच्छलाबाई सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या आणि आपलं ताट वेगळं वाढून घ्यायच्या. पुढे सासू गेली. मूलबाळ झालं नाही. नवराबायको दोघंच राहिले. नत्थूजींनीही हळूहळू मटण सोडलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "एका जणासाठी कोण दुसरी चूल पेटवन?"

छपन्न सालच्या पावसाळ्यात वच्छलाबाईंना खोकला लागला. निंदायला जाणं बंद झालं. दसऱ्याच्या सुमारास खोकल्यातून रक्त पडलं. नत्थूजी त्यांना छोट्या गाडीने सौंसरला घेऊन गेले. डॉक्टरांनी क्षय सांगितला. सुया सुरू केल्या, मोकळ्या हवेत झोपवायला सांगितलं, दूध सांगितलं आणि रोज एक अंडं. म्हणाले, "सुई मी देईन. पण अंगात काहीच नसेल तर सुई तरी कोणाच्या जोरावर काम करील?"

नत्थूजींनी हे वाक्य पाठ केलं. लाईनवर काम करता करता मध्येच म्हणून दाखवायचे.

ते दिवस राज्य बदलण्याचे होते. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. गँगमध्ये दुसरी गोष्ट नव्हती.

"काल झोपलो तवा राजधानी नागपूर होती," मुकादम म्हणाला, "आज उठलो त भोपाळ."

"तुमची खाट जागेवर हाये ना?" मी म्हटलं. "मंग झोपा."

सगळे हसले. नत्थूजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "सौंसरच्या डाक्टरनं हात टेकले, त नागपूरच्या दवाखान्यात आता घेतीन का आपल्याले?"

"घेतीन ना बाप्पा," मुकादम म्हणाला. "बिमारीले कोणतं राज्य?"

कोंबड्या त्यांनी अंबाबाईकडून आणल्या. अंबाबाई आमच्या गल्लीतली, नत्थूजींच्या पाठीमागच्या घरची. तोंडाने फटकळ, पण कोणाच्याही आजारपणात आधी तीच पोचायची. टोपलीत कोंबड्या भरता भरता तिने विचारलं, "उपदेशी बाईच्या दारात कोंबड्या नेऊन राहिले तुमी. तिले इचारलं का?"

"औषधाले काय इचाराचं?" नत्थूजी म्हणाले.

पहिलं अंडं त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः गरम दुधात फोडलं आणि पेला वच्छलाबाईंच्या हातात दिला. मी ओट्यावर बसलो होतो. वच्छलाबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. खुराड्याच्या दगडांनी ते हात सोललेले होते. त्यांनी डोळे मिटून दूध पिऊन टाकलं. थोड्या वेळाने भिंतीला धरून मागे गेल्या. ओकारीचा आवाज आम्हाला ऐकू आला. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"उद्यापासून तुमी कामावर जात जा," त्या म्हणाल्या. "मी माह्या हातानं घेत जाईन. तुमी पाह्यता त मले लाज वाटते."

नत्थूजींना ते पटलं. तेव्हापासून ते कामावरून आले की आधी विचारायचे, "घेतलं?" आतून उत्तर यायचं, "घेतलं." मग ते पाय धुवायचे.

वच्छलाबाईंची खाट अंगणात निंबाखाली टाकलेली होती. समोर खुराडं. कोंबड्या दिवसभर आत कोंडलेल्या. फळीतल्या हवेच्या बारीक भोकातून एखादी चोच बाहेर यायची. वच्छलाबाई तिकडेच बघत पडायच्या. कोंबडी हे जनावर त्यांनी आयुष्यात कधी पाळलं नव्हतं.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अजी, तेयले सोडा ना."

"सोडू? मुंगूस हाये पऱ्हाटीच्या ढिगात. वर घार फिरते. संत्र्याच्या मळ्याकून कोल्हा येते. एकबी राहाची नाही."

"डाक्टरनं मले मोकळी हवा सांगतली. तुमी मले बाहेर टाकलं अन् तेयले कोंडलं. तेयले कोणता रोग हाये?"

नत्थूजी हसले. दसऱ्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यांनी उठून फळी काढली. कोंबड्या आधी बाहेरच येईनात. मग एक काळी आली, तिच्यामागे बाकीच्या. वच्छलाबाई खाटेवर उठून बसल्या.

मी हिशेबी माणूस. एवढी मेहनत करून बांधलेलं खुराडं दिवसभर उघडं राहणार हे मला रुचलं नाही. मी तसं बोललो. नत्थूजी म्हणाले, "सांजच्याले डालून घेऊ ना. दिवसा फिरतीन बिचाऱ्या."

त्या दिवसांत वच्छलाबाईंची तब्येत सुधारल्यासारखी वाटली. कोंबड्यांच्या मागे त्या कुंपणापर्यंत चालत जायच्या. घार दिसली की "हाऽऽ" करून ओरडायच्या. आमच्या घरापर्यंत आवाज यायचा. माझी बायको म्हणायची, "वयनीले बरं वाटून राहिलं."

मग एक तांबडी कोंबडी गेली. ढिगाजवळ नुसती पिसं सापडली. मुंगूसच असणार. वच्छलाबाई रडल्या. नत्थूजी फळी घेऊन उभे राहिले. "लावू आता?"

"नका लावू. एक गेली, त बाकीच्याईनं काय गुन्हा केला?"

अंबाबाई कुंपणापलीकडून ऐकत होती. "लय दयावान हाये तू," ती म्हणाली. "आता त्या मुंगसालेबी उपदेश दे, म्हणजे थो भाजीभाकर खाईन."

वच्छलाबाई रडता रडता हसल्या. हसण्याचा खोकला झाला. खोकला बराच वेळ थांबला नाही.

कोंबड्या मोकळ्या सोडल्यापासून अंडी कमी मिळू लागली. मोकळी कोंबडी खुराड्यात अंडं घालत नाही, आडोसा शोधते. वच्छलाबाईही तसंच सांगायच्या. पऱ्हाटीचा ढीग अंगणाच्या कडेला होता, जळणासाठी रचलेला, चांगला पुरुषभर उंच. कापसाची वाळलेली झाडं म्हणजे नुसत्या टोकदार काड्या. नत्थूजी कामावरून यायचे, पाय धुवायचे आणि त्या ढिगात पोटावर सरपटत शिरायचे. गिट्टी ठोकून आलेल्या माणसाला वाकणंसुद्धा नको असतं. ते सरपटायचे. कधी एखादं अंडं सापडायचं, कधी फुटकी टरफलं. मान, कान, हात ओरबाडून निघायचे. सापडलेलं अंडं ते बायकोच्या उशाशी गाडग्यात ठेवायचे.

वच्छलाबाई हे सगळं खाटेवरून बघायच्या.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. वजन उतरलं होतं. त्यांनी विचारलं, "अंडं चालू आहे ना?" नत्थूजींनी मान हलवली. वच्छलाबाईंनीही हलवली.

संक्रांत झाली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी नत्थूजींकडे कुंपण बांधू लागायला गेलो होतो. उन्हं चांगली वर आली होती. ती काळी कोंबडी बरेच दिवस दिसत नव्हती. आम्ही तिला गेलीच समजत होतो. ती ढिगाच्या बुडातून बाहेर आली, आणि तिच्यामागे पिल्लं. पिवळी, काळी, ठिपक्यांची. अंगणात चिवचिव झाली. वच्छलाबाईंचा चेहरा असा झाला की मी त्यांच्याकडेच बघत राहिलो.

नत्थूजी खूश झाले. "अजून अंडे असतीन," म्हणत ते, कोंबडी निघाली त्या बाजूने, ढिगात शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चिंधी होती. हिरव्या लुगड्याची, घडी घालून अंथरलेली, मध्ये खोलगट झालेली. तिला पिसं चिकटली होती. सोबत पाण्याची एक फुटकी पणती. ते लुगडं मीही ओळखलं. वच्छलाबाईंचंच होतं.

ते खाटेजवळ आले.

"हे कोणं ठेवलं?"

"मी."

"अंडे?"

"मीच ठेवले."

"सारे?"

"जेवढे तुमी आणले तेवढे. काही कोंबडीखाली ठेवले. काही कावळ्यानं नेले."

"मंग तू खाल्लं काय?"

"पयलं खाल्लं ना, तुमच्यासमोर. मंग नाही गेलं जी माह्याच्यानं."

नत्थूजींनी चिंधी खाली टाकली. "मी गिट्टी ठोकून येतो अन् काट्यात लोळतो. अन् तू..."

"पाह्यत होती ना मी," वच्छलाबाई म्हणाल्या. "रोज पाह्यत होती. म्हून त बोलली नाही. तुमी एवढं करून राहिले, मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

नत्थूजींनी एकेक कोंबडी धरून खुराड्यात टाकली. पिल्लंही टाकली. फळी लावली आणि फळीला दगड लावला. मग चूल पेटवली, दूध तापवलं. अंबाबाईकडे जाऊन अंडं आणलं. मला त्यांनी जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. मी कुंपणाशी उभा होतो.

पेला त्यांनी वच्छलाबाईंच्या हातात दिला. त्या उठून बसल्या. पदर डोक्यावर घेतला.

"आणा," त्या म्हणाल्या. "घेते. आता रोज घेत जाईन. तुमी काट्यात नका जाऊ."

पण त्यांनी पेला तोंडाला लावला नाही. डोळे मिटले. ओठ हलू लागले. देवाचं स्मरण चाललं होतं. काय सांगत होत्या ते ऐकू आलं नाही. दोन्ही हातांत पेला धरलेला, दूध काठावरून बोटांवर येत होतं. दुधावर साय आली तरी ओठ हलतच होते. खुराड्यात पिल्लं ओरडत होती. नत्थूजी समोर उकिडवे बसून बघत होते.

मग उठून त्यांनी बायकोच्या हातातून पेला काढून घेतला. काढताना बोटं सोडवावी लागली. पेला घेऊन ते कुंपणापाशी आले आणि दूध बाहेर मातीत ओतलं. परत जाऊन दगड सरकवला, फळी काढली.

"जा," ते कोंबड्यांना म्हणाले.

वच्छलाबाईंनी डोळे उघडले तेव्हा कोंबड्या अंगणात होत्या. मी घरी आलो.

गोष्ट गँगमध्ये कळलीच. मुकादम म्हणाला, "नत्थू, बायकोचं नाक दाबून पाजाचं असते. तिच्या भल्याचंच हाये ना?"

"नाक दाबाचं काम नव्हतं," नत्थूजी म्हणाले. "ते पेली असती."

"मंग?"

"पेली असती अन् मंग रोज माह्याकडं कशी पाह्यली असती?"

मुकादमाने सगळ्यांना सब्बल उचलायला सांगितली.

नत्थूजींनी हात टेकले नव्हते. दूध वाढवलं, शेंगदाणे भाजून कूट करून द्यायचे, मळ्यातून संत्री आणायचे. सुया चालूच होत्या. नागपूरच्या दवाखान्यातही नेऊन आणलं. तिथे त्यांनी औषध बदललं आणि म्हटलं, फार उशीर झाला आहे. अंबाबाईने जामसांवलीच्या मारुतीला घेऊन जा म्हणून सांगितलं. वच्छलाबाई जाणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून नत्थूजी एकटेच पायी जाऊन आले आणि घरी काही बोलले नाहीत.

पिल्लं वाढत होती आणि कमीही होत होती. मोकळ्या पिल्लांचं तसंच असतं. वच्छलाबाईंचा आवाज बसला होता. नत्थूजींनी त्यांना एक डबा आणि काडी दिली. घार दिसली की त्या डबा वाजवायच्या. फाल्गुनात काडीही उचलेना. कोंबड्यांना आता त्यांची भीती नव्हती. त्या खाटेवर चढायच्या, पायाशी बसायच्या.

एका दुपारी घार आली. आम्ही लाईनवर होतो. अंबाबाई पाणी घेऊन जात होती, तिने पाहिलं. पिल्लू खाटेच्या अगदी जवळ होतं. वच्छलाबाईंनी मान उचलली, तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. घारीने पिल्लू उचललं आणि गेली. अंबाबाई धावत पोचली तेव्हा वच्छलाबाईंचं तोंड तसंच उघडं होतं. अंबाबाईने हे मला सांगितलं, नत्थूजींना सांगितलं नाही. पुढे बरेच दिवस ती कोणाला टोचून बोलली नाही.

चैत्रात आम्ही कन्हानच्या पुलाजवळ काम करत होतो. अंबाबाईचा नवरा रुळावरून चालत येताना दिसला. तो कधी लाईनवर येत नसे. नत्थूजींनी त्याला लांबूनच ओळखलं. हातातली जागा त्यांनी पूर्ण ठोकून घेतली. सब्बल हत्यारांच्या जागेवर नेऊन ठेवली. मग निघाले. धावले नाहीत. मी मागून गेलो.

संध्याकाळच्या आत लोधीखेड्याहून वच्छलाबाईंचा भाऊ गुणवंता आला, सोबत माहेरची माणसं. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. गुणवंता नत्थूजींपाशी बसला.

"दाजी, एक इचाराचं हाये," तो म्हणाला. "डाक्टरनं अंडं सांगतलं होतं म्हणते. बाईचा उपदेश..."

"पाळला तिनं," नत्थूजी म्हणाले. "पयल्या दिवशी मी पाजलं होतं. थे माह्यावर लागू. तिच्यावर नाही."

गुणवंताने मान खाली घातली. "थे आमी नाही धरत, दाजी," तो म्हणाला.

खड्डा नत्थूजींनी खोदला. वर माती हातभर, खाली मुरूम. मुरमात टिकाव बसत नाही, उसळतो, आणि त्याचा झटका खांद्यात येतो. आम्ही सगळी हत्यार चालवणारी माणसं तिथे उभी होतो, पण त्यांनी टिकाव कोणाला दिला नाही. माती तेवढी आम्हाला काढू दिली. कडा सरळ, तळ सपाट. गुणवंताने पुरताना घालायला मीठ आणलं होतं. बाकीचं त्यांच्या रीतीने झालं.

त्यानंतर तिसऱ्या चौथ्या दिवशी मी आणि अंबाबाई त्यांच्याकडे गेलो. दिवस मावळायला आला होता. नत्थूजी अंगणात उभे होते, ओंजळीत ज्वारी. कोंबड्या इकडेतिकडे पांगलेल्या, काही निंबाच्या फांदीवर चढलेल्या.

"मले देऊन टाका," अंबाबाई म्हणाली. "घरात बाई नाही. कोण डालन सांजच्याले?"

"तिनं नावं ठेवली होती साऱ्याईची," नत्थूजी म्हणाले. "मी कामावर राहो. मले दोन-तीनच मालूम हायेत. पण कोणाचं कोणतं, थे नाही मालूम."

त्यांनी एक नाव घेऊन हाक मारली. कोणी मान वर केली नाही. दुसरं नाव घेतलं. मग पहिलंच नाव जरा बारीक आवाजात घेतलं, बाईच्या आवाजासारखं करून. काळी कोंबडी समोरच माती उकरत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"वसंता," ते मला म्हणाले, "तू जाता येता आयकलं असशीन. या काळीचं नाव काय ठेवलं होतं तिनं?"

मी कधी ऐकलं नव्हतं. अंबाबाईकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.